थोरले पेटीत नाहीत

१

पेटी उघडली तेव्हा आत फक्त निळी मखमल होती. रोज जिथे हनुवटी टेकलेली असे तिथे एक खळगा पडला होता आणि तो रिकामा होता.

“थोरले पेटीत नाहीत,” चावी म्हणाली.

फ्लोअरवरची माणसे हसली. विनोदी भयमालिकेच्या सेटवर भूत जागेवर नसल्याची थट्टा रोजचीच होती. मग त्यांना तिचा चेहरा दिसला आणि हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेले.

थोरले म्हणजे ‘पोटभाडेकरू’ या गाजलेल्या जुन्या चित्रपटांतले भूत. स्वयंपाकघराच्या कपाटात राहणारे हे भूत स्वतःला घराचा मूळ भाडेकरू समजे आणि येणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाला पोटभाडेकरू म्हणून हिणवत असे. पडद्यावर त्याचे केवळ डोके दिसे. ते लाकूड आणि चामडे यांचे होते, आकाराने कलिंगडाएवढे, आणि त्याच्या भुवया, बुबुळे व जबडा आतल्या स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर हलत. ते घडवणारा कारागीर आता हयात नव्हता. चित्रपटांच्या हक्कांबरोबर डोकेही नव्या निर्मातीकडे आले होते, आणि ते चालवायला कारागिराची मुलगी आली होती. थोरल्यांना चावी देणारी म्हणून सगळे तिला चावीच म्हणत. आता त्याच कथेची नव्याने वेब मालिका होत होती. प्रसिद्धीच्या प्रत्येक ओळीत एकच आश्वासन होते, की थोरले तेच आहेत.

“जेवणाच्या सुट्टीत इथे कोण होतं?” निर्मातीने विचारले.

“मी. पेटीवर बसूनच जेवले. रोज तशीच जेवते.”

“मध्ये उठलीस?”

“नाही.”

“कोणी आलं होतं?”

“कोणीच नाही, मॅडम.”

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. “अगं, स्वतःचं बोलणं ऐकतेयस का? वर तू, खाली पेटी, दुसरं कोणी नाही. मग थोरले काय चालत गेले?”

“त्यांना पाय नाहीत,” चावी म्हणाली. कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच खोकले.

फाटकावरच्या रखवालदाराने सकाळपासून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी तपासली होती, त्यामुळे डोके आवारातच असणार हे नक्की होते. सामानाची कोठी उलटीपालटी करून झाली होती. सर्वांच्या देखत चावीची पिशवीही झटकण्यात आली. तिच्यातून जेवणाचा डबा, पेचकस आणि तेलाची कुपी एवढेच निघाले.

“संध्याकाळच्या पॅक-अपपर्यंत मी थांबते,” निर्माती म्हणाली. “तोवर डोकं मिळालं नाही तर पोलिसांत तक्रार जाईल. तक्रारीत नाव कोणाचं असेल हे मी सांगायला नको. उद्यापासून थोरले संगणकावर बनतील.”

गर्दीच्या मागून एक शांत आवाज आला. “पॅक-अपपर्यंत मला द्या.”

बोलणारी मालिकेची संकलिका होती. तिला सगळे बाई म्हणत. याच इमारतीत वरच्या मजल्यावर तिची खोली होती, आणि एखाद्या जोडावर अडून बसली की चहा गार होई, पण बाई उठत नसत.

“बाई, ही तुमच्या टेबलावरची रिळं नाहीत,” दिग्दर्शक म्हणाला.

“नाहीत ना. म्हणून तर खाली उतरले.” त्या चावीकडे वळल्या. “तू पेटीवरून अजिबात उठली नाहीस, हे आणखी कोणाला सांगितलंस?”

“सगळ्यांनाच. खरं आहे ते.”

“तेच तुझ्या गळ्याशी आलंय,” बाई म्हणाल्या. “आणि तेच मला पटतंय. चोर असतीस तर एवढं तरी खोटं बोलली असतीस.”

२

बाईंनी सर्वांत आधी ज्याचा फायदा होणार होता त्याला गाठले. संगणकावर चित्रे घडवणारा तो तरुण पिक्सेल या नावाने ओळखला जाई. सेटच्या डाव्या अंगाला त्याचे टेबल होते.

“या, बाई. मी वाटच बघत होतो,” तो म्हणाला. “सुट्टी संपल्यापासून सगळे माझ्याकडे असे बघतायत, जणू थोरले माझ्या खिशात आहेत.”

“आहेत का?”

“आहेत. पण या खिशात.” त्याने पडद्यावर बोट ठेवले. तिथे थोरल्यांचे डोके संथपणे स्वतःभोवती फिरत होते. “पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाजूंनी मोजमाप घेतलं. मला खऱ्या डोक्याची गरजच उरली नाही. जे आपल्याकडे आहे ते माणूस चोरेल कशाला?”

“खरं गेलं की तुझ्याच डोक्याला काम.”

“काम?” पिक्सेल कळवळून म्हणाला. “बाई, सगळे भाग मला पुन्हा करावे लागतील. माझी झोप उडेल, लग्न मोडेल. शेवटच्या भागातली आगसुद्धा माझ्या गळ्यात पडेल. आत्ता निदान ती तरी…” तो थांबला.

“ती तरी काय?”

“ती खरी लावायची ठरलीये. सेटला. पण ते तुम्ही दिग्दर्शकांना विचारा. शेवटच्या भागाची पानं मला वाचायला मिळालीत, सगळ्यांना नाही.”

बाईंनी त्याच्या टेबलावर नजर फिरवली. त्याच्यामागे सेटच्या खोट्या भिंतीवर आरसा लटकत होता. सकाळच्या सर्व चित्रीकरणात त्या आरशाच्या कोपऱ्यात पिक्सेलचे डोके आले होते. ते कसे काढायचे या चिंतेत बाईंची अर्धी सकाळ गेली होती.

“तुझ्यावर माझा राग होता,” त्या म्हणाल्या. “आता तो नाही. सकाळभर आरशात बसला होतास ते बरं झालं.”

दिग्दर्शक कॅमेऱ्याजवळ उभाच होता. चित्रीकरण सुरू असताना तो तिथून तसूभरही हलत नसे, हे सगळ्या युनिटला ठाऊक होते.

“मी सोडून कोणालाही विचारा,” तो म्हणाला. “उद्या थोरल्यांचे क्लोज-अप आहेत. माझ्याच पायावर मी धोंडा मारीन का?”

“शेवटच्या भागाची पानं चावीला का दिली नाहीत?”

त्याने कॅमेऱ्याची काच पुसली. “वेळ आली की देणार होतो.”

“आगीत थोरले आहेत का?”

“बाई, तुम्ही चोरी शोधताय की माझी पटकथा तपासताय?”

“दोन्ही एकाच कपाटात असतील तर एकच दार उघडावं लागेल,” बाई म्हणाल्या. “मॅडमना ठाऊक आहे?”

“त्यांना, मला, पिक्सेलला.” तो घुटमळला. “आणि काकांना. शेवटचा प्रसंग त्यांचाच आहे.”

३

काका म्हणजे जुन्या चित्रपटांचे नायक. तरुणपणी ते थोरल्यांना पाहून किंचाळत पळत. नव्या मालिकेत ते आजोबा झाले होते, आणि त्यांची नात व नातजावई पुन्हा त्याच घरात राहायला आले होते. पडद्यावरच्या या आजोबांना भुतामुळे घरातही थंडी वाजे, म्हणून काका दिवसभर एका अवाढव्य ओव्हरकोटात वावरत.

फ्लोअरच्या मागच्या दारातून बाहेर पडले की एक अरुंद बोळ लागे. त्याच बोळात त्यांची रंगभूषेची खोली होती. बाईंनी दार ठोठावले तेव्हा आत रेडिओ मोठ्याने वाजत होता.

“या, या! आमच्या आयुष्याला कात्री लावणाऱ्या बाई!” काकांनी एकुलती एक खुर्ची पुढे केली. स्वतः ते उभेच राहिले. त्यांच्यामागे कपड्यांची ट्रंक होती, तिच्यावर शाल पांघरलेली.

“रेडिओ जरा बारीक करता?”

“असू द्या हो. त्याच्याशिवाय मला संवाद पाठ होत नाहीत.”

त्यामुळे बाईंना आवाज चढवावा लागला. “सकाळपासून तुम्ही कुठे होता?”

काकांनी छातीवर हात ठेवला. “कॅमेऱ्यासमोर. थोरल्यांचा शॉट झाला, त्यानंतरचा प्रवेश झाला, मग सुट्टी. जेवताना मी मॅडमच्या शेजारी. प्रत्येक टेकमध्ये मी आहे, बाई. देवाची साक्ष खोटी ठरेल, कॅमेऱ्याची नाही.”

“खरं आहे. तुम्हांला वाईट वाटलं असेल. इतक्या वर्षांचा सोबती.”

काकांच्या चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा सरला. “सोबती कसला! मी तीन पानांचा संवाद म्हणायचो, टाळ्या त्याच्या भुवईला. मत्सर होता मला त्याचा. पण चित्रपट संपला की त्याला पेटीत ठेवताना नमस्कार करायचो.” मग विषय पालटण्यासाठी त्यांनी कॉलरआतल्या छोट्या माईकला टिचकी मारली. “हे झुरळ मात्र मला अजून पटत नाही. आमच्या वेळी सेटवर आवाज कोण घेत होता? पंखे घरघरायचे, माणसं गप्पा मारायची. आम्ही मागाहून डबिंगच्या खोलीत जाऊन किंचाळायचो. तोंड हललं की झालं.”

“चावीबद्दल काय वाटतं तुम्हांला?”

“पोर गुणी आहे,” काका म्हणाले आणि आरशातल्या आपल्या पांढऱ्या मिश्या नीट करू लागले. मिश्या नीटच होत्या. “सगळं ठीक होईल. हे लोक एक-दोन दिवस शोधतील, मग विसरतील.”

“तोवर ती पोलीस चौकीत असेल.”

काकांचा हात मिशीवरच थांबला. रेडिओवर गाणे संपून दुसरे सुरू झाले.

४

बाईंनी ध्वनिमुद्रकाला वर बोलावून घेतले. तानसेन कितीतरी असतात, कानसेन एखादाच, असे कोणीतरी म्हटले आणि तेच त्याचे नाव झाले. थोरले आणि कानसेन यांचे उभे वैर होते, कारण थोरले वाजत. एकदा चावी दिली की आतले चाक टकटकत राही, आणि ते घड्याळासारखेही नव्हे. एक टक लांब, एक आखूड, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखे. प्रत्येक शॉटमधून ती टकटक पुसून काढणे हे बाईंच्या कपाळी आलेले काम होते.

त्यांनी चावीलाही बोलावले. “थोरले मध्येच थांबवता येतात का?”

“नाही. स्प्रिंग आपली आपण उतरली पाहिजे. मध्ये अडवली तर तुटते. बाबांनी बजावून ठेवलंय, हात लावायचा नाही, कुलूप घालायचं नाही, पेटीला फक्त कडी. सकाळी चावी दिली की दुपार टळेपर्यंत चालतात.”

“सकाळचा शॉट झाल्यावर चालत होते?”

“चालतच पेटीत ठेवले. सेटच्या मागच्या दाराबाहेर पेटी, रोजच्या जागी. मग मी ओट्याखाली जाऊन बसले. पुढच्या प्रवेशात कपाटाची दारं आपटायची होती, दोऱ्या मी ओढते.”

“म्हणजे तेवढा वेळ पेटी तुझ्या नजरेआड होती.”

“हो. पण सगळे फ्लोअरवरच होते. आणि जेवताना तर मी…”

“जेवताना तुला टकटक ऐकू आली?”

चावी गोंधळली. “सुट्टी झाली की मोठे पंखे लावतात. त्या घरघरीत स्वतःचं चावणं ऐकू येत नाही.”

बाई कानसेनकडे वळल्या. “आजची शांतता लाव.”

चित्रीकरणाच्या कामात ही एक जुनी शिस्त आहे. प्रवेश संपला की कोणीही जागचे हलायचे नाही, बोलायचे नाही. पंखे बंद, दारे बंद. आणि त्या खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला संकलकाला तिचा उपयोग होतो. एरवी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

कानसेनने आधी कालची शांतता लावली. दिव्यांची बारीक गुणगुण होती, कोणाच्या तरी पोटातली गुरगुर होती आणि या सगळ्याच्या तळाशी, पेटीच्या लाकडाआडून, लंगडी टकटक होती. परवाच्या शांततेत ती होती, त्याच्या आदल्या दिवशीही होती.

“मी रोज शिव्या घालतो त्यांना,” कानसेन म्हणाला. “पेटीत घातलं तरी बोलायचे थांबत नाहीत.”

“आता आजची. सुट्टीच्या आधीची.”

दिव्यांची गुणगुण ऐकू आली. एक खुर्ची कुरकुरली. बाईंनी डोळे मिटून घेतले. कानसेनने आवाज वाढवला, आणखी वाढवला. गुणगुण मोठी होत गेली, पण तिच्या तळाशी काहीही नव्हते.

चावीने आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात घट्ट दाबले. “म्हणजे मी जेवले तेव्हा…”

“रिकाम्या पेटीवर बसून जेवलीस,” बाई म्हणाल्या. “थोरले सुट्टीच्या आधीच गेले. चित्रीकरण चालू असताना, पन्नास माणसांच्या उपस्थितीत.”

“पण सगळे जागेवर होते, बाई!” कानसेन म्हणाला. “दिग्दर्शक कॅमेऱ्याशी, मी माझ्या यंत्राशी, मॅडम माझ्याशेजारी हेडफोन कानाला लावून ऐकत बसलेल्या. पिक्सेल…”

“आरशात. माहीत आहे. कामगार दिव्यांवर होते, ही ओट्याखाली होती आणि कपाट वेळेवर आपटत होतं. आता मला तो प्रवेश दाखव. पहिल्या टेकपासून.”

५

प्रवेश साधा होता. आजोबा, नात आणि नातजावई स्वयंपाकघरात बोलत आहेत. आजोबा चिडून म्हणतात, “मी घरमालकाकडे तक्रार करायला चाललो!” आणि मागच्या दाराने निघून जातात. मग नवराबायकोचे लांबलचक भांडण होते, कपाटाची दारे आपटू लागतात, दोघे एकमेकांना मिठी मारतात आणि प्रवेश संपतो.

नातजावई ऐन वेळी संवाद विसरत असल्याने टेक पुष्कळ झाले होते. बाईंनी चित्राकडे पाठ फिरवली आणि नुसते ऐकू लागल्या. भांडणात नात एकदा रुसून गप्प बसते. तेवढीच एक निःशब्द जागा होती. पहिल्या टेकमध्ये त्या जागी टकटक होती. दुसऱ्यातही होती. पुढच्या टेकमध्ये ती आली, त्यानंतरच्याही. शेवटच्या टेकमध्ये नात रुसली, गप्प बसली, आणि त्या शांततेत टकटक नव्हती.

“याच टेकमध्ये,” बाई म्हणाल्या.

“पण कोण?” चावी जवळजवळ ओरडलीच. “सगळे तर इथेच होते!”

“चोर शोधताना आपण सगळ्यांनी एक चूक केली. ‘कोण शॉटमध्ये नव्हतं?’ असं विचारलं. धंद्याची सवय. जो शॉटमध्ये आहे त्याची चिंता करायची नाही.” बाईंनी चित्र मागे नेले. पडद्यावर आजोबा तणतणत दाराबाहेर पडले आणि त्यांच्यामागे दार लागले. “शॉट चालू आहे. पण हा माणूस आता शॉटमध्ये आहे का?”

कानसेनने तोंडावर हात ठेवला.

“‘प्रत्येक टेकमध्ये मी आहे,’ असं मला सांगण्यात आलं. अक्षर न अक्षर खरं आहे. दार लागल्यापासून ‘कट’ होईपर्यंत मात्र त्यांना कोणीच पाहत नव्हतं. दाराबाहेर काय होतं, चावी?”

“पेटी,” चावी म्हणाली. मग तिने मान जोरात हलवली. “नाही. काका नाही. त्यांनी मला कडेवर खेळवलंय. बाबांच्या शेवटच्या आजारपणात रोज यायचे ते.”

“मलाही नको वाटतंय. म्हणून खात्री करते.” बाईंनी कानसेनला विचारले, “काका बाहेर गेले की त्यांच्या माईकचं तू काय करतोस?”

“मिश्रणातून काढून टाकतो. दाराबाहेर ते कुरकुरतात, खाकरतात, कोणाला हवंय ते?”

“आणि यंत्र?”

कानसेन त्यांच्याकडे पाहतच राहिला. “यंत्र प्रत्येकाचा आवाज वेगळा साठवतं. सगळा. मागाहून लागला तर म्हणून.”

त्याने तो आवाज शोधून लावला. दार आपटले. काका खाकरले. कडी हळूच निघाली. जाड कापड सरसरले आणि एकाएकी टकटक इतकी मोठी झाली की चावी दचकली. डोके माईकला टेकून, कोटाआड छातीशी धरलेले असणार. पावले घाईने चालली. मग काकांचा आवाज आला. संवादफेकीचा नव्हे, अगदी खालचा.

“गप, थोरले, गप. जाळायला निघालेत तुम्हांला.”

६

बाई एकट्याच काकांच्या खोलीत गेल्या. त्यांनी काही न विचारता रेडिओ बंद केला.

शालीखालच्या ट्रंकेतून आवाज येत होता, दमलेला, लांबत चाललेला. एक लांब, एक आखूड.

काका खुर्चीत बसले. “कधी कळलं?”

“तुम्ही म्हणालात आवाज कोण घेत होता, तेव्हा शंका आली. खात्री आत्ता झाली. झुरळ अजून चालू आहे, काका.”

काकांनी कॉलर चाचपली आणि माईक असा काढून ठेवला जणू तो डसेल. “त्यांनी मला पानं वाचायला दिली. शेवटच्या भागात घर पेटतं, थोरले कपाटात, आणि मी बाहेर उभा राहून रडतो. मी विचारलं, डोकं नकली असेल ना? तर तो दिग्दर्शक पोरगा म्हणतो, खरं जळलं तरच तुमचं रडू खरं येईल! एकच टेक, म्हणे. बाई, तिच्या बापाने ते डोकं चालवता चालवता बोटांची सालटी काढली. मी बघितलंय.”

“मग चावीला सांगायचं होतं.”

“ती भांडली असती. तिला काढून दुसरा आणला असता आणि डोकं जळायचं ते जळलंच असतं. मला वाटलं, सापडलं नाही की चार दिवस आरडाओरडा होईल आणि आग संगणकावर उरकतील. मागाहून डोकं तिच्या घरी पोचवणार होतो. ती पेटीवर बसून जेवते हे डोक्यातच नव्हतं हो.”

“पण तिने सांगितल्यावर कळलं. तिची पिशवी झटकली तेव्हा तुम्ही समोर होता.”

काकांनी ट्रंकेवरची शाल ओढून घेतली.

“थोरल्यांना आगीतून काढलंत,” बाई म्हणाल्या, “आणि त्यांच्या जागी पोरीला ठेवलंत.”

“मी आत्ता बोललो तर मालिकेतून जाईन. या वयात मला दुसरं काम कोण देईल?”

“कदाचित कोणी नाही. तिला कोण देईल, चोर ठरल्यावर?” बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. “पॅक-अप व्हायचंय. तिच्यावर आळ सगळ्यांसमोर आला, उतरलाही सगळ्यांसमोरच पाहिजे. तुम्ही सांगाल की ध्वनिमुद्रण लावू?”

काकांनी ट्रंक उघडली. थोरल्यांची बुबुळे सावकाश डावीकडून उजवीकडे गेली.

“मी सांगतो,” ते म्हणाले. “डबिंग नको.”

७

त्यांनी सांगितले. ओव्हरकोट घालून, डोके दोन्ही हातांत धरून, सेटच्या मध्यावर उभे राहून सांगितले. कोणतीही सबब पुढे केली नाही. आग का टाळायची होती हेही अगदी शेवटी, बाईंनी विचारले म्हणून.

चावी पुढे झाली. तिने आधी थोरल्यांचा जबडा तपासला, मग मान, मग कानामागचा सांधा. सगळे ठीक होते. त्यानंतर तिने दिग्दर्शकाकडे पाहिले.

“तुम्ही जाळणार होता?”

“कागदोपत्री डोकं आपलं आहे,” निर्माती मध्ये पडली, पण तिच्या आवाजात दुपारचा जोर नव्हता.

“आहे. चालवणारी मी आहे. मॅडम, दुपारी तुम्ही सगळ्यांसमोर मला चोर ठरवलंत.”

निर्मातीने नजर जमिनीकडे वळवली. “चुकले मी,” ती म्हणाली. मागच्या कामगारांना ऐकू गेले नाही हे लक्षात येऊन तिने मान वर केली आणि मोठ्याने पुन्हा म्हटले, “चावी, माझी चूक झाली. तू काही घेतलं नव्हतंस.”

“आगीचं काय?”

दिग्दर्शकाने हात चोळले. “शेवटाला आग हवीच. जळायला काहीतरी…”

“घर जाळा की,” चावी म्हणाली. “थोरले इतकी वर्षं भाडेकरू म्हणून मिरवतायत. घर पेटल्यावर कपाटात बसून राहतील? सामान बांधून नव्या घरात आधीच जाऊन बसतील. आणि म्हणतील, उशीर केलात.”

आधी कानसेन हसला. मग पिक्सेल. दिग्दर्शकाने विरोध करायला तोंड उघडले, मिटले आणि सहायकाकडून पेन मागून घेतले.

काकांचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. निर्माती म्हणाली, त्याचा निर्णय चावीने घ्यावा.

“आजचा राहिलेला शॉट आधी होऊ द्या,” चावी म्हणाली.

“पोरी, माझ्याशी बोलणार नाहीस का?” काकांनी विचारले.

थोरल्यांना कपाटात ठेवून तिने चावी दिली आणि ओट्याखाली दोऱ्या धरून बसली. सेटवर थोरल्यांचे संवादही तीच म्हणे. पंखे बंद झाले. दिग्दर्शकाने इशारा दिला. काकांनी कपाट उघडले, ठरल्याप्रमाणे किंचाळले आणि थोरल्यांच्या संवादाची वाट पाहत उभे राहिले.

थोरल्यांची भुवई वर चढली. “पोटभाडेकरू,” ते खर्जात म्हणाले, “दिवसभर माझं डोकं कुठं होतं?”

हे पटकथेत नव्हते. सहायकाने पाने चाळली. दिग्दर्शकाने हात वर केला, पण ‘कट’ म्हटले नाही.

“मी नेलं होतं,” काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला.

“आणि शिक्षा?”

“ती… दुसरीनं भोगली. मी बघत उभा राहिलो.”

थोरल्यांचा जबडा खाली आला, तसाच राहिला.

“लाज वाटली?”

“वाटली, थोरले. अजून वाटतेय.”

“हं.” बुबुळे ओट्याकडे फिरली आणि परत आली. “घरातून काढत नाही. पण महिनाभर माझ्याशी जेवायला बसायचं नाही. आणि भांडी तू घासायचीस.”

“रोज?”

“तळापासून.”

काकांनी डोळे पुसले, ओव्हरकोटाच्या बाह्या वर सारल्या आणि सिंकमधला पहिला टोप उचलला.